७५०पैकी २८२

सुभेदार रामजी सकपाळ सत्काराला तयार नव्हते. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला होता. समाजातल्या मंडळींना सभा भरवून त्याचं कौतुक करायचं होतं. वडिलांचं म्हणणं होतं, एवढ्यावरून सभा घेतली तर पोराच्या डोक्यात हवा जाईल. मंडळी मग दादा केळुसकरांकडे गेली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर शिक्षक होते आणि चरित्रकारही. त्यांनी रामजींना गळ घातली. रामजी राजी झाले, सभा झाली आणि दादांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं.

बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६मध्ये, 'द बुद्धा अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. चरित्रकार हाच सत्कार मॅट्रिकनंतरचा सांगतात. तो चौथीनंतर झाला की मॅट्रिकनंतर, यावर मी इथे वाद घालत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो आकडा. १९०७च्या मॅट्रिकला भीमरावांना ७५०पैकी २८२ गुण पडले होते. म्हणजे सदतीस-अडतीस टक्के.

आज आपल्या नातेपुत्यात गुणवंतांचा सत्कार ठेवला, तर हा मुलगा यादीत बसणार नाही. फ्लेक्सवर त्याचा फोटो येणार नाही. संयोजक त्याला प्रेमाने सांगतील, बाळ, पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढचेच घेतलेत रे.

त्या काळच्या मंडळींनी टक्के पाहिले नाहीत. त्यांनी पाहिलं की हा पोरगा निघाला कुठून आणि आला कुठे. शाळेत वेगळं बसायचं, पाणी कुणीतरी वरून ओतलं तर प्यायचं, आणि तरीही पुस्तक सोडायचं नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की इतर समाजांत एवढ्या शिक्षणाचं कुणाला अप्रूपही वाटलं नसतं. त्यांच्या समाजात मात्र तिथवर पोचलेला तो पहिला मुलगा होता. सत्कार झाला तो त्या अंतराचा. मला हीच खरी गुणवत्ता वाटते, आणि आपल्याकडच्या दरवर्षीच्या कार्यक्रमांत तिच्याकडेच पाहायचं राहून जातं.

आमच्या भागात सत्काराचा हंगाम आणि वारीचा हंगाम एकच. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, कॉलेजचे प्रवेश सुरू असतात आणि माउलींची पालखी बरडचा मुक्काम आटोपून नातेपुत्याला येते. त्या पंधरवड्याच्या आगेमागे गावात नि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कार्यक्रम होतात. कुठे समाजमंदिरात, कुठे शाळेच्या पटांगणात मंडप टाकून. बौद्ध समाजाचा, मातंग समाजाचा, धनगर समाजाचा, होलार समाजाचा. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नव्हतं, त्या घरातली मुलं आता इंजिनिअरिंगला, नर्सिंगला, कृषी पदवीला जातात. असे कार्यक्रम व्हायलाच हवेत. 'जातीजातीचे कशाला वेगळे सत्कार?' असं विचारणारी माणसं मला भेटतात. मी त्यांना एवढंच सांगतो की तालुक्याच्या सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या सत्कारात यातली किती मुलं व्यासपीठावर दिसतात, ते एकदा मोजून या.

मला पाहुणा म्हणून बोलावतात तेव्हा मी शेवटपर्यंत थांबतो. एका कार्यक्रमानंतर खुर्च्या गोळा होत असताना एक मुलगी जवळ आली. अंगावर सत्काराची शाल तशीच होती, काखेत सन्मानचिन्हाचं खोकं. तिची आई चार पावलं मागे, इस्त्री केलेल्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन उभी. आईला व्यासपीठावर कुणी बोलावलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, ''सर, व्हॅलिडिटीसाठी पुरावा कुठला चालतो? आमच्यात शाळेत गेलेली मीच पयली.''

हा प्रश्न साधा नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा. वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुना सातबारा. आता ज्या घरात आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरत होते, तिथे १९६१ सालचा शाळेचा दाखला येणार कुठून? शेत नाही म्हणून सातबारा नाही. जन्म पालावर झाला म्हणून नोंद नाही. कागद नसताना महसुली चौकशी, गृहचौकशी असे मार्ग आहेत, पण ते सांगणारा माणूस लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर हा कागद मुदतीत हवा. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी पहिलीच असल्यामुळे अडते, आणि त्याच पहिलेपणासाठी तासाभरापूर्वी आपण तिला शाल घातलेली असते.

म्हणून मला दादा केळुसकर पुन्हा पुन्हा आठवतात. पुस्तक देऊन ते घरी गेले नाहीत. भीमराव इंटर झाले तेव्हा पुढच्या शिक्षणाला घरात पैसा नव्हता. दादा त्यांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण पार पडलं आणि १९१३मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. सत्काराच्या सभेतून कोलंबियापर्यंतच्या या वाटेवर एक माणूस सतत कुणाची ना कुणाची दारं ठोठावत होता. सभेत भाषण करणारे आणखीही असतील. त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

शाहू महाराजांनीही हेच ओळखलं होतं. १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली. २६ जुलै १९०२ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या गेल्या. शिकण्याआधी डोक्यावर छप्पर आणि शिकल्यावर नोकरी, असा सरळ हिशेब होता. मग १९२०च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांचा गौरव केला, तेव्हा त्या गौरवाला मागच्या वीस वर्षांच्या कामाचं वजन होतं. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं, तेही याच वाटेवरचं.

आमच्या घरातल्या पुस्तकांत 'एक होता कार्व्हर'च्या दोन प्रती आहेत. दोन्ही मुलांना बक्षीस मिळालेल्या. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१पासून महाराष्ट्रातल्या किती बक्षीस समारंभांत वाटलं गेलं असेल, सांगता येणार नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मलेला काळा मुलगा. एका कॉलेजने त्याला प्रवेश दिला आणि तो तिथे पोचल्यावर कातडीचा रंग पाहून परत पाठवलं. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. सुरुवातीला जेवायलासुद्धा इतरांसोबत बसू दिलं नव्हतं. हा मुलगा चित्रं सुंदर काढायचा. सीडर रॅपिड्सला राज्याचं चित्रप्रदर्शन होतं, पण जायला पैसे नव्हते की धड कपडे नव्हते. वर्गातल्या गोऱ्या मुलांनी वर्गणी काढली, त्याला दुकानात नेऊन नवा सूट घेतला आणि हातात गाडीचं तिकीट ठेवलं. त्याचं चित्र निवडलं गेलं आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा गौरव झाला. मला त्या प्रशस्तिपत्रापेक्षा तिकीट मोठं वाटतं. बरोबरीच्या मुलांनी ओळखलं, की याला नेमकं काय हवंय.

बरोबरीच्या मुलांचा विषय निघाला की एक दुःखद गोष्ट लिहावीच लागते. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयात गेली. २२ मे २०१९ला तिने जीव दिला. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. गावाला, समाजाला जिचा अभिमान होता ती मुलगी शहरातल्या होस्टेलवर एकटी पडली. आपण ज्या मुलांना हार घालून पुण्या-मुंबईला धाडतो, त्यांना तिकडे काय सोसावं लागतं हे दिवाळीत घरी आल्यावर कुणीतरी शांत बसवून विचारायला हवं. मार्क किती पडले, हे त्यानंतर विचारावं.

यंदाच्या कार्यक्रमांत मला आणखी एक बदल हवाय. नेतृत्वाचं कौतुक. आपण गुणपत्रिका मोजतो, कारण ती मोजायला सोपी. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद केली, तरी त्या जुन्या रीतीने काही पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मग गरिबाघरचं पोर पुढारपण शिकणार कुठे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, युवा महोत्सवाच्या नाटकात, होस्टेलच्या मेसमध्ये. मेसचं जेवण बिघडलं म्हणून साऱ्या मुलींना एकत्र करून गृहपालांकडे जाणारी मुलगी मला माहीत आहे. शिष्यवृत्ती अडली म्हणून कॉलेजातल्या सगळ्यांची यादी करून, अर्ज क्रमांक लिहून, समाजकल्याणच्या कार्यालयात खेटे घालणारा मुलगाही माहीत आहे. त्याला स्वतःला पंचावन्न टक्के होते. त्याच्यामुळे इतरांचे हप्ते सुटले. त्याला कधी कुणी शाल घातलेली मी पाहिली नाही.

आमच्याकडच्या पोरांना आता चेहरे तरी दिसतात. डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल वस्तीवरचे. जन्माआधी वडील गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढवलेलं. ते डॉक्टर झाले, आयएएस झाले आणि आपल्याच सोलापूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. एका पायाला पोलिओ, आईबरोबर गावोगाव बांगड्या विकलेल्या. तेही आयएएस झाले. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये कागल तालुक्यातल्या यमग्याचा बिरदेव डोणे. लोकसेवा आयोगाचा निकाल लागला, ५५१वी रँक आली, तेव्हा हा पुण्याच्या सीओईपीत शिकलेला इंजिनिअर बेळगाव भागात नातेवाइकांच्या मेंढरांमागे होता. तिथेच माळावर, मेंढरांच्या गराड्यात, घरच्यांनी त्याला फेटा बांधला. त्या फोटोने माळशिरस-माणच्या धनगर वाड्यांत काय झालं ते मी पाहिलंय. शिंगणापूरच्या डोंगरापलीकडे मेंढरं नेणाऱ्या माणसांनी आपल्या पोरांना तो फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला.

त्या बिरदेवने पुढे सांगितलं की सत्काराला येताना हार-गुच्छ नकोत, पुस्तकं आणा. केळुसकरांच्या हातात जे होतं, तेच त्याने शंभराहून अधिक वर्षांनी मागून घेतलं.

पुस्तक द्याच. त्याबरोबर आणखी काही देता येईल. शासनाच्या योजना आहेत. होस्टेलमध्ये नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत शिकत असेल तर भोजन, निवास आणि निर्वाह धरून वर्षाला ६० हजार रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. इतर मागास नि भटक्यांच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना त्याच धर्तीवर आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पण अर्जाची मुदत, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, भाडेकरार, कॉलेजचं बोनाफाइड यातला एक कागद मागे राहिला की वर्ष जातं. आई-बाप ऊसतोडीला किंवा मेंढरांमागे गेलेले असले, तर सही करायलाही घरी कुणी नसतं.

यंदा ज्या मंडळींनी मला बोलावलं, त्यांना मी तीन गोष्टी मागितल्या. मुलाबरोबर आई-वडिलांना वर बोलवा. यादी टक्क्यांवर न लावता घरातल्या पहिल्या पदवीधरांची नावं आधी घ्या, आणि कॉलेजात इतरांसाठी झटणाऱ्या दोन मुलांना त्यात जागा द्या. तिसरी गोष्ट खर्चाची. सन्मानचिन्हांचे पैसे वाचवून कार्यक्रमाच्या दिवशी मंडपाच्या कडेला एक टेबल लावा. त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, झेरॉक्स आणि वैधतेची प्रकरणं हाताळलेला एक निवृत्त कारकून. गावात असे दोघे-तिघे आहेत, विचारलं तर येतात. एका मंडळाने होकार दिलाय. दुसऱ्यांची सन्मानचिन्हं आधीच छापून झाली होती, पण टेबल ते लावणार आहेत. शाल घालून उतरलेलं पोरगं थेट त्या टेबलापाशी जाईल आणि तिथे बसलेला माणूस त्याला विचारेल, ''आजोबांचं नाव सांग, आणि ते कुठल्या गावचे?''