कधी सुरू, कधी बंद

बटण दाबताच दिवा लागतो, पंखा फिरतो. पडदा मात्र काळाच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात संगणक सुरू होतो आणि घरातील मंडळी तो प्रसंग विसरून कामाला लागतात. असा अधूनमधून अडणारा संगणक पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा अधिक फसवा असतो. दुरुस्तीच्या दुकानात नेला की तो हमखास शहाण्यासारखा चालतो!

म्हणून तो ज्या दिवशी सुरू होईल, त्याच दिवशी छायाचित्रे, हिशेब, मुलांची प्रमाणपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. ‘फॉरमॅट मारू का?’ हा प्रश्न दुकानात फार सहज विचारला जातो. होकार दिला की डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले बहुधा सारेच जाते, हे अनेकांना नंतर कळते. शिवाय दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर फॉरमॅट करूनही तो तसाच राहतो. आतून टक्-टक् असा नवा आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत असण्याची शक्यता मोठी. मग पुन्हा पुन्हा बटण दाबणे थांबवावे.

दोषाचा पत्ता संगणक पुष्कळदा स्वतःच देतो. घड्याळ दरवेळी काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. सीआर २०३२ नावाची ही ३ व्होल्टची बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळसुद्धा ‘असुरक्षित’ ठरते आणि बिचाऱ्या इंटरनेटला बोल लावला जातो.

ओळीने बीप वाजून पडदा काळा राहिला, तर संशय बहुतेक वेळा रॅमवर घ्यावा. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर बसतो. आधी वायर प्लगमधून काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, मग रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात. भुगा झटकून ती पुन्हा खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवावी. एवढ्यानेच पुष्कळ संगणक मार्गी लागतात.

गारठ्यात अडणारा आणि चार प्रयत्नांनी चालणारा संगणक बऱ्याचदा थकलेल्या एसएमपीएसमुळे अडतो. तो बदलावा, घरी कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतदाब उरलेला असू शकतो.

एक निराळा प्रकार. शटडाउननंतर सकाळी अडखळणारा संगणक रीस्टार्ट केल्यावर मात्र नीट चालतो. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीत शटडाउनच्या वेळी प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, आणि तोच कधी नडतो. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करता येते. तेथे काहीच खर्च येत नाही, म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वी हे करून पाहावे.