गव्हाचा भाव युक्रेनमध्ये ठरत नाही

लोकवन महागला की पुण्या-मुंबईचा ग्राहक जागतिक बाजाराला बोल लावतो. युद्ध पेटले, म्हणून पोळी महागली! हिशेब सोपा आहे, पण अर्धवट. तो जिथून गहू येतो त्या माळव्यात, महूच्या मंडीत तपासून पाहावा.

पूर्वपक्षात तथ्य आहे, पण 2022 च्या वसंतापुरतेच. फेब्रुवारीत युद्ध सुरू झाले, मार्चमध्ये जागतिक अन्नभाव निर्देशांकाने उच्चांक गाठला. त्याच महिन्यात उन्हाने आपल्याकडे दाणा बारीक पडला. निर्यातदारांनी 2015 रुपयांच्या हमीभावावर बोली चढवली आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या 433 लाख टनांवरून 188 लाखांवर घसरली. मात्र 13 मे रोजी निर्यातबंदी आली. आयातीवर 40 टक्के शुल्क होतेच. दोन्ही दारे बंद झाली. पुढे जगात गहू उतरला. आपल्याकडे 1 एप्रिल 2024 ला सरकारी साठा 75 लाख टनांवर, सोळा वर्षांच्या नीचांकावर आला आणि वर्षाअखेरीस दिल्लीत गहू क्विंटलला 3000 रुपयांपुढे गेला. हे युक्रेनने केले काय?

दुसरा युक्तिवाद असा, की भाव चढला म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले. महूभोवतीचा लहान शेतकरी चैत्र-वैशाखात ट्रॉली घेऊन मंडीत येतो. व्यापारी मूठभर गहू तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि बोली लागते. डोक्यावर कर्ज, घरात लग्न. माल राखून ठेवायची ऐपत कुठली? भाव चढतो दिवाळीनंतर, गोदामवाल्यासाठी. शेतमजूर तर बारमाही गिऱ्हाईकच.

याच महूत 1891 साली जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या 1923 च्या ग्रंथात रुपयाच्या घसरणीचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते: भाव आधी चढतात, मजुरी मागून येते आणि मधला नफा मजुराच्या पदरचा असतो.

म्हणून बाजार मोकाट सोडा, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्या भावाला निर्यात थांबेल, कोणत्या भावाला आयातशुल्क उतरेल, हे सरकारने पेरणीआधी जाहीर करावे आणि ते पाळावे. गरिबाला रेशनने सांभाळावे. ऐन हंगामात मंडीचा भाव पाडून नव्हे. तोवर महागाईचे खापर कीव्हवर फोडणे म्हणजे दिल्लीला जाब विचारायचे टाळणे होय.