विश्लेषण : चर्चचा ऑर्गन पुन्हा वाजतो, मग नाट्यसंगीताचा का नाही?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. छत कोसळले, पण सुमारे ८ हजार नळ्यांचा तिथला भव्य ऑर्गन वाचला. त्यावर शिशाची विषारी धूळ मात्र बसली होती. तो सुटा करून स्वच्छ केला गेला, पुन्हा जोडून सुरात लावला गेला आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल उघडले तेव्हा वाजलाही. मराठी संगीत नाटकांत वाजणारा ऑर्गन याच वाद्याचा धाकटा भाऊबंद आहे. त्याच्या वाट्याला अशी काळजी येणार का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

पाइप ऑर्गन म्हणजे काय?

मोठ्या भात्यातली हवा शेकडो किंवा हजारो नळ्यांत सोडून वाजवायचे हे वाद्य. पट्टी दाबली की ठरावीक नळीत हवा शिरते आणि ती बासरीसारखी बोलते. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. हे वाद्य इमारतीच्या मापानेच बांधतात, त्यामुळे ते सहसा हलवता येत नाही. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आणि फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहेत.

मग नाटकातला ऑर्गन कोणता?

तो ‘रीड ऑर्गन’. यात नळ्यांऐवजी पितळेचे सूर असतात. वादक पायाने भाता चालवतो आणि गुडघ्याने एक पट्टी ढकलून आवाज लहानमोठा करतो. हार्मोनिअममध्ये हवा सुरांवरून बाहेर फेकली जाते, तर अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज अधिक मऊ, गोल वाटतो. नळ्यांचा खर्च न परवडणाऱ्या छोट्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये १९व्या शतकात हे वाद्य पोहोचले. अमेरिकेतील एस्टी या एकाच कंपनीने अशी ५ लाखांहून अधिक वाद्ये बनवली.

मराठी रंगभूमीने त्याला आपले कसे केले?

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना हरिभाऊ देशपांडे यांची ऑर्गनवर, तर कादरबक्ष यांची सारंगीवर आणि अहमदजान थिरकवा यांची तबल्यावर साथ असे. प्रार्थनेसाठी आलेले वाद्य नाट्यपदांच्या ताना-मुरक्यांमागे धावू लागले.

परदेशी वाद्य कशासाठी जपायचे?

हा आक्षेप जुनाच आहे. मींड काढता येत नाही आणि सूर बांधलेले असतात, या कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. तोवर लोकांनी निकाल देऊन टाकला होता. दुसरबीड असो की दादर, भजनी मंडळाची पेटी कुणालाही परकी वाटत नाही. तिचे मूळ मात्र १८४०च्या दशकातल्या पॅरिसमध्येच सापडते. वाद्य कुठून आले, यापेक्षा त्यावर आपण काय वाजवले, हे महत्त्वाचे.

दुरुस्ती इतकी अवघड का?

एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद पडला, त्यामुळे सुटे भाग सहज मिळत नाहीत. भात्याचे कापड आणि चामडे विरते, फेल्टला कसर लागते, लाकूड पावसाळ्यात फुगते. सर्वांत नाजूक काम सुरांचे. पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त घासले गेले, तर गेलेले पितळ परत येत नाही. हे काम पुस्तक वाचून जमत नाही. जाणत्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे बसूनच कान तयार होतो.

इतरांकडून काय शिकावे?

फिलिपिन्समधील लास पिन्यास येथील चर्चचा ऑर्गन पाहा. दिएगो सेरा या धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात तो बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत! भूकंप आणि वादळांनी तो खिळखिळा झाला. १९७३ मध्ये तो जर्मनीतल्या बॉन शहरी क्लाइस कंपनीकडे पाठवला गेला आणि १९७५ मध्ये दुरुस्त होऊन परतला. गोष्ट इथेच संपली नाही. त्या वाद्याभोवती दरवर्षी संगीत महोत्सव सुरू झाला आणि पुढे लास पिन्यासमध्येच ऑर्गन बांधणारी कार्यशाळा उभी राहिली. दुरुस्तीसाठी परदेशी जावे लागलेल्या गावाने ती विद्याच घरी आणली.

आपण काय करायला हवे?

सिंथेसायझर स्वस्त आहे, हलका आहे. फिरत्या प्रयोगांसाठी तो वापरणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण पायाच्या दाबाबरोबर गायकाच्या श्वासासारखी फुलणारी साथ ऑर्गनवरच ऐकावी. त्यासाठी तीन गोष्टी पुरेत. चर्च, नाट्यसंस्था आणि जुन्या घरांतल्या ऑर्गनची राज्यभर नोंद व्हावी. जाणत्या कारागिरांकडे शिकणाऱ्या तरुणांना शासनाने विद्यावेतन द्यावे. आणि राज्य नाट्य स्पर्धेतील संगीत नाटकांना दुरुस्त ऑर्गन वापरायला मिळावा. काचेमागे ठेवलेला ऑर्गन हे केवळ फर्निचर असते. रोज कुणी वाजवणारा असला, तरच त्याचा भाता आणि तो दुरुस्त करणारा हात, दोन्ही टिकतील.