यंत्राने ऐकले, तेवढाच इतिहास?

१/ वरातीत वा मिरवणुकीत ‘बेंजो’ म्हणून जे वाजते, ते कळा दाबून वाजवायचे बुलबुलतरंग. त्याचे मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोयात घडलेल्या ताइशोगोतोत आहे. अमेरिकेचा बेंजो निराळा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांतून तो जन्मला.

२/ एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. पुढे मेणाच्या सिलिंडरवर ध्वनी कोरला जाऊ लागला. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावरच सुई हले. बेंजोचा खणखणीत आघात तिला मानवला. व्हायोलिन मात्र इतके क्षीण उमटे, की त्याला कर्णा जोडून ‘स्ट्रो व्हायोलिन’ घडवावे लागले.

३/ व्हेस ऑसमन, फ्रेड व्हॅन एप्स हे त्या काळचे नामांकित बेंजोवादक. ते बोटांनी तारा छेडत. त्याहून जुनी रीत नखाने वरून खाली आघात करण्याची. ती सिलिंडरवर क्वचितच भेटते. चार्ल्स ॲसबरी यांची १८९०च्या दशकातली मोजकी सिलिंडरे हा तिचा दुर्मीळ पुरावा.

४/ म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांनाच त्या काळचे संगीत समजणे ही चूक आहे. ती यंत्राची आणि बाजाराची निवड आहे.

५/ या चुकीचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यात अधिक उमगतो. इथल्या परधान समाजाची गायनपरंपरा गोंडांच्या देवांच्या, पूर्वजांच्या कथा किंगरीच्या साथीने सांगत आली. किंगरी गजाने वाजते. तिचा स्वर मृदू. फोनोग्राफ इथवर आला असता, तरी त्या कर्ण्याला तो स्वर कितपत पेलला असता? आणि सुमारे दोन मिनिटांच्या सिलिंडरमध्ये लांबलचक कथा मावली तरी कशी असती?

६/ तेव्हाची अडचण यंत्राची होती. आज तासन्‌तास ध्वनी टिपणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आताही किंगरी मुकी राहिली, तर दोष यंत्राला देता येणार नाही.

७/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी जुनी सिलिंडरे जरूर ऐकावीत. पण आपल्या तालुक्यातल्या वादकाकडेही जावे. त्याच्या संमतीने पूर्ण कथा मुद्रित करावी, गज धरणारा हात चित्रित करावा, नाव-गाव-तारीख नोंदवावी. मुद्रणाची प्रत सर्वांत आधी त्याच्याच घरी पोचवावी. बेंजोच्या मूळ वादकांची नावे इतिहासाने हरवली. किंगरीवाल्यांची अजून विचारता येतात.