नीरस कोण?

बाणभट्टाने आपल्या दोन मुलांना समोरच्या वाळलेल्या झाडाचे वर्णन करायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. एकाने कठोर शब्द योजले, दुसऱ्याने कोमल, दुसरा जिंकला. शैलीचा धडा म्हणून आम्हीही ती वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण एकाने ज्याला शुष्क म्हटले आणि दुसऱ्याने नीरस, ते झाड खरोखरच तसे होते का, हे दोघांनीही जवळ जाऊन पाहिले नाही. आम्हीही कधी विचारले नाही.

विशेषणाची ही चूक पोथीत राहती तर निभावले असते. पोलंडमध्ये तिने कुऱ्हाड चालवली. बियावोव्हिएझा या प्राचीन अरण्याच्या पोलिश भागापैकी साधारण सहावा हिस्साच राष्ट्रीय उद्यान आहे. उरलेल्या बहुतेक भागाचे व्यवस्थापन सरकारी वनयंत्रणेकडे. मार्च २०१६ मध्ये तिथल्या एका वनविभागातील २०१२ ते २०२१ या काळासाठीची तोडीची मर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरांवरून १ लाख ८८ हजारांवर नेण्यात आली. कारण दिले गेले ते स्प्रूसची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या साथीचे.

साथ खोटी नव्हती. पण वठून वाळलेल्या झाडातून हा भुंगेरा केव्हाच निघून गेलेला असतो. मागे राहतात ते वेगळेच रहिवासी. कुकुयुस सिनाबेरिनस हा लालभडक, चपटा भुंगेरा मेलेल्या झाडाच्या सालीखालीच वाढतो. पिथो कोल्वेन्सिसला स्प्रूसचे आडवे पडलेले जुने खोडच लागते. ओंडके उचलून नेणे म्हणजे या जिवांचे घर उचलून नेणे. १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही तोड बेकायदा ठरवली. या अरण्याच्या २०१५ च्या संवर्धन आराखड्यात धोका म्हणून साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची नव्हे, तर मृत व मरणोन्मुख झाडे हटवण्याचीच नोंद होती, हेही न्यायालयाने दाखवून दिले.

निव्वळ लाकडासाठी लावलेल्या वनात वेगळा हिशेब असेल, हे आम्ही मान्य करू. परंतु जिथे अरण्य राखायचे आहे, तिथे ‘आरोग्यासाठी तोड’ हा शब्दप्रयोग आम्हांस मान्य नाही. हे आरोग्य लाकडाच्या वखारीचे आहे, अरण्याचे नव्हे.

शब्दांचे जाणते म्हणवणाऱ्यांनी तरी यावर गप्प बसू नये. ती आख्यायिका आम्ही पुढेही शिकवू. मात्र कोणाचे वाक्य सरस, हे ठरवण्याआधी विद्यार्थ्यांना त्या झाडाची साल उचलून पाहायला सांगू.