पाण्याने अंत्यसंस्कार : खरा प्रश्न सांडपाण्याचा

तुमसर तालुक्यातले आंबागड हे सातपुड्याच्या कुशीतले गाव. किल्ला आणि भोवतालचे जंगल ही त्याची ओळख. अशा भागात सरणाला लाकूड कमी पडेल, असे म्हटले तर कोणीही हसेल. पूर्व विदर्भात सरपणाचा हक्क निस्तारात मोडतो आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रकाची तरतूद आहे. पण एका सरणाला सात-आठ मण, म्हणजे तीनशे किलोंच्या आसपास लाकूड लागते. भर पावसात मयत झाली की सुक्या लाकडासाठी किती दारे ठोठवावी लागतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

परदेशात काही ठिकाणी आता अग्नीऐवजी पाण्याने अंत्यसंस्कार होऊ लागले आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००३ साली त्याला कायद्याची मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१ च्या डिसेंबरात वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार याच पद्धतीने त्यांच्या देहाचे विसर्जन झाले आणि तिची जगभर चर्चा झाली. देह पोलादी टाकीत ठेवून पाणी व अल्कली (बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालायचे आणि ते तापवायचे. तापमान दीडशे अंशांच्या घरात असेल आणि दाब दिला असेल, तर तीन-चार तासांत मांस विरघळते. कमी तापमानाला जास्त वेळ लागतो. मागे राहतात अस्थी. त्या वाळवून, पूड करून नातलगांच्या हाती देतात. ना धूर, ना लाकूड.

आपल्याकडे पहिला आक्षेप येईल तो धर्माचा. मग अग्नी द्यायचा कशाला आणि कोणी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु विद्युतदाहिनी आली तेव्हाही लोक बिचकलेच होते. आज मुंबई-पुण्यात तिचे कोणाला नवल वाटत नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे नाहीशी झाली, तेव्हा मुंबईतल्या काही पारशी कुटुंबांनीही दहनाची वाट धरली आणि २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह झाले. उलटे उदाहरणही आपल्या घरचेच आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. तिथे दहनाची रीत नव्हती, तरी तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो नदीच्या काठी महाराजांना अग्नी दिला गेला. आपली रीत परक्यांनी तेव्हा समजून घेतली होती.

माझ्या मते या पद्धतीची खरी अडचण धर्मात नाही, गटारात आहे. अस्थी घरी गेल्यावर टाकीत हजार-दीड हजार लिटर गढूळ, साबणासारखे बुळबुळीत पाणी उरते. त्यातले जंतू मेलेले असतात, पण त्याचा क्षार तीव्र असतो आणि त्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. ते सौम्य करून शुद्धीकरण केंद्राकडे नेणारी गटारव्यवस्था हवी. इंग्लंडमध्ये सँडवेल नगरपालिकेला असे यंत्र बसवायचे होते. २०१७ साली सेव्हर्न ट्रेंट या पाणीकंपनीने या सांडपाण्यासाठी ठरलेले मानकच नाही म्हणून परवाना नाकारला. विलायतेत ही कथा, मग आपली काय?

भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळे समजावून द्यायला नको. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साचते. दुसऱ्याच्या शहराची घाण पदरी घेतलेल्या या जिल्ह्यात नवे यंत्र हवे असेल, तर आधी सांडपाण्याचा हिशेब मागितला पाहिजे.

कायदा करायचा तर दिल्लीकडे बघायचे कारण नाही. स्मशान आणि दहन-दफन हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत, दहाव्या नोंदीत आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा हाताशी आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळही आहे. सांडपाण्याचे मानक आधी ठरावे, परवाना नंतर मिळावा. शुद्धीकरण केंद्राला न जोडलेल्या जागी यंत्राला मनाई असावी. ज्याचा देह त्याची हयातीतली लेखी इच्छा किंवा जवळच्या वारसांची संमती असल्याशिवाय कोणाला त्या टाकीत घालू नये; बेवारस मृतदेहांवर स्वस्तात प्रयोग करण्याचा मोह नगरपालिकांना होऊ शकतो, म्हणून हे कलम स्पष्ट लिहिले जावे. संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन आणि पोलिसांची परवानगी अर्थातच आधी, कारण देह विरघळल्यावर विषाचा माग लागायचा नाही.

हे यंत्र चौपट कमी ऊर्जा खाते, असे ते विकणारे सांगतात. ती तुलना बहुधा पाश्चात्त्य गॅसभट्टीशी असते, आपल्या सरणाशी नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या 'मोक्षकाष्ठा'वर दहन होते. त्याला टाकी लागत नाही, गटारही लागत नाही.

म्हणून यंत्राचा प्रयोग व्हायचाच असेल तर तो मोठ्या शहरात, शुद्धीकरण केंद्राच्या जवळ व्हावा. आंबागडसारख्या गावाला आज हवे आहे ते छप्पर असलेले दहनशेड, चिता रचायला लोखंडी सांगाडा आणि पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेले कोरडे लाकूड. जनसुविधा योजनेतून स्मशानभूमीसाठी पैसा मिळतो. तो मागणारा ठराव ग्रामसभेने मे महिन्यातच करून पाठवावा, जुलैत नव्हे.