बोटांचे टक्के मोजले, पुढे काय?



कामगाराचे कोणते बोट गेले तर कमावण्याची क्षमता किती घटते, याचा तक्ता 1923 च्या भरपाई कायद्यापासून चालत आला आहे. अंगठ्याचे 30 टक्के, तर्जनीचे 14, मधल्या बोटाचे 12. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपांत पॉवर प्रेसखाली आजही बोटे जातात आणि त्यांचे टक्के डॉक्टर मांडून देतात. पण प्रेसला सेन्सर होता का, शिफ्टला किती नगांचे टार्गेट होते, लातूरहून किंवा बिहारमधून आलेला तो कंत्राटी पोरगा गावी घरच्यांना काय सांगणार, यातले काहीच केसपेपरवर येत नाही. ते विचारायला आणि नीट लिहून घ्यायला आपण कुणाला शिकवलेलेच नाही.

म्हणून वैद्यक आणि मानव्यविद्या एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम याच पट्ट्यात सुरू व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. एमबीबीएसच्या 2019 च्या तुकडीपासून नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. मात्र तो भावी डॉक्टरांपुरता आहे. त्या वर्गात मराठीचा, इतिहासाचा, समाजशास्त्राचा विद्यार्थी नसतो. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये पुणे विद्यापीठापासून वेगळी झाली. कारभार सोपा झाला असेल, पण भाषा विभाग आणि रुग्णालयाचा वॉर्ड एकमेकांना पारखे झाले ते आजतागायत.

असा अभ्यासक्रम हे परदेशी खूळ आहे, असे कुणी म्हणेल. त्याने गडचिरोलीकडे पाहावे. बाया आपल्या शरीराबद्दल, दुखण्याबद्दल काय समजतात, काय बोलतात, हे तिथे डॉ. राणी बंग यांनी ऐकले आणि ‘कानोसा’ या पुस्तकात नोंदवले. बंग दांपत्याचे दोन गावांतले संशोधन 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा तिथल्या तपासलेल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. तोवर ही दुखणी दवाखान्यापर्यंत क्वचितच पोचत होती. प्रेसवरच्या कामगाराचे, असेंब्ली लाइनवर आठ तास उभ्या असलेल्या मुलीचे बोलणे इतक्या आस्थेने कोण ऐकते आहे?

‘हे शिकून नोकरी कुठे मिळणार?’ हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमावाच लागतो, रुग्णालयांना समाजसेवा अधीक्षक लागतात, कामगार संघटनांना भरपाईचे दावे लिहिणारी माणसे लागतात. आज ही कामे करणारे बहुतेक जण अनुभवातून धडपडत शिकतात.

अभ्यासक्रम मराठीतून असावा, हिंदी बोलता येणे आवश्यक असावे, आणि निम्मे शिक्षण पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात व मोहननगरच्या ईएसआय (कामगार विमा) रुग्णालयात व्हावे. नुसत्या कादंबऱ्या वाचून घेणारा अभ्यासक्रम आम्हाला नको. विद्यापीठ, महापालिका आणि ईएसआय यांनी पुढच्या प्रवेशांआधी एकत्र बसून निदान एका वर्षाच्या पदविकेचा आराखडा जाहीर करावा.

– एक वाचक, भोसरी